नाव सोय, राहणं गैरसोय

प्रिय ओंकार,

काल रात्री तू पाठवलेल्या बँकॉकमधल्या भाड्याच्या घरांच्या चारही लिंका उघडून बघितल्या. बाबांनी दोनच बघितल्या आणि त्या स्विमिंग पूलच्या फोटोवर अडकले, त्यांचं जाऊ दे. फोनवर तू घाईत असतोस, मी काही सांगायला लागले की "हो आई, कळलं" करून मोकळा होतोस, म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाच. कंपनीने दिलेल्या हॉटेलचे अजून बारा दिवस आहेत ना, मग सही करायची घाई नको.

तुला आठवत नसेल पण बँकॉकमध्ये आम्ही दोन घरं बदलली. २००७ साली बाबांची तिकडे बदली झाली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. तुला आठवतो तो फक्त रस्त्यावरचा हत्ती, वीस बाहतची केळी घेऊन त्याला भरवायची म्हणून तू फुटपाथवर लोळायचास. पहिलं घर बाबांनी मी यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. लाट फ्रावला. ऑफिस असोकला, एमआरटी म्हणजे तिकडची भुयारी मेट्रो सरळ जाते, गाडी बदलायची नाही, नकाशावर बघितलं तर एकदम झकास. एजंट म्हणाला स्टेशनपासून जवळ. आता आपण डोंबिवलीची माणसं, "स्टेशनपासून पाच मिनिटं" ऐकलं की विचारायला पाहिजे, कुणाची पाच मिनिटं, पी. टी. उषाची का? पण परदेशात गेल्यावर माणसाला वाटतं इथले लोक खरं बोलत असतील. मी सामान घेऊन उतरले तर स्टेशनपासून गल्लीच्या आत आत दीड-पावणेदोन किलोमीटर. फुटपाथ नाही, झाडाची सावली नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला अंगावर येणाऱ्या मोटरसायकली.

तिकडे गल्लीला सोय म्हणतात ते तुला आता माहीत झालंच असेल. बाबा तेव्हा रोज घामाने भिजून घरी यायचे आणि दारातच म्हणायचे, नाव सोय आणि राहणं गैरसोय. तो विनोद त्यांनी दोन वर्षं केला.

सप्टेंबरातली एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तासभर पाऊस पडला आणि आमच्या सोयीत गुडघाभर पाणी. तोंडाशी भाड्याने मागे बसवून सोडणारे नारिंगी जॅकेटवाले मोटरसायकलवाले उभे असतात ना, ते मान हलवून नाही म्हणाले. तू कडेवर, हातात वांग्यांची पिशवी, एक चप्पल पायातून सुटली आणि माझ्यासमोर डुलत डुलत निघून गेली. नूडल्सच्या गाडीवाल्या बाईने मला हाताला धरून तिच्या छत्रीखाली ओढलं, प्लास्टिकचं लाल स्टूल दिलं, तुला एक उकडलेलं अंडं दिलं. तिला मराठी नाही, मला थाई नाही. पाऊण तास आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो. पाणी उतरल्यावर मी अनवाणी घरी आले आणि बाबांना म्हटलं, इथून निघायचं.

मग मी हिशोब मांडला, तो तुला सांगते कारण तू आत्ता नेमकं तेच करतोयस, नुसता भाड्याचा आकडा बघतोयस. लाट फ्रावचं भाडं होतं महिन्याला ७,००० बाहत. पण अख्खी बिल्डिंग एकाच मालकाची, आणि अशा ठिकाणी विजेचा दर मालक लावतो. आम्हाला युनिटला ७ बाहत लावायचा, तेव्हा सरकारी दर तीनच्या आसपास असताना. लहान मूल घरात म्हणून एसी रात्रभर, महिन्याला चारशे युनिट, म्हणजे २,८०० फक्त वीज. वर बाबांचं मोटरसायकलचं येणं-जाणं, माझं बाजारासाठी, ते दीड हजार. एकूण ११,३००. नंतर ऑन नुटला ९,००० ची खोली घेतली, आधीपेक्षा लहान, पण वीज थेट सरकारी मीटरची, बाराशेच्या आत, आणि स्टेशन खरोखर चालत सहा मिनिटं. बेरीज १०,२००. भाडं दोन हजारांनी जास्त आणि खर्च अकराशेनी कमी. बाबा इंजिनियर असून त्यांना हे सुचलं नव्हतं, हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

तेव्हा ऑन नुट हे बीटीएसचं, म्हणजे पुलावरून जाणाऱ्या मेट्रोचं, शेवटचं स्टेशन होतं, सकाळी रिकामी गाडी यायची, बाबा बसून जायचे आणि मला फोन करून सांगायचे की बसायला मिळालं, डोंबिवलीकराला ह्याच्यापेक्षा मोठं सुख काय असणार. २०११ ला लाईन पुढे बेअरिंगपर्यंत नेली, नंतर आणखी लांब, आता तिथे भरलेली गाडी येत असणार. पण तुझं ऑफिसही असोकलाच, ते पाचवंच स्टेशन आहे, उभ्याने गेलास तरी चालेल, तरुण आहेस.

आता तुझ्या लिंका.

थोंग लोची १९,००० वाली सोडून दे. बावीस चौरस मीटर म्हणजे आपल्या हॉलपेक्षा लहान, आणि पैसे सगळे नावाचे. शिवाय थोंग लो स्टेशन आणि थोंग लोचा पत्ता ह्यात फरक आहे, ती सोय ५५ दोन किलोमीटरच्या वर लांब आहे, पार कालव्यापर्यंत जाते, पलीकडच्या टोकाला राहून "मी थोंग लोला राहतो" म्हणायचं आणि रोज मोटरसायकलला पैसे मोजायचे.

बेअरिंगची पूलवाली. फोटो सुंदर आहेत, बाबांना पसंत आहे, पण तू पूलमध्ये किती वेळा उतरणार? इथे क्लबचं वर्षाचं कार्ड काढलं होतं, चार वेळा गेलास. असोकपासून दहा स्टेशनं, आणि स्टेशनपासून चौदाशे मीटर, हे त्यांनीच खाली बारीक अक्षरात लिहिलंय. एप्रिलमधल्या उन्हात चौदाशे मीटर चालून ऑफिसला पोचलास की शर्ट बदलायला लागेल.

राहिल्या दोन. ऑन नुटचा कॉन्डो, म्हणजे जिथे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा, १२,५०० आणि हुवाय क्वांगचं जुनं अपार्टमेंट ८,०००. तू लिहिलंयस की हुवाय क्वांगची बिल्डिंग "डिप्रेसिंग" आहे. अरे बिल्डिंग बाहेरून बघायला तू थोडाच रस्त्यावर उभा राहणार आहेस. तिथे विजेचा दर ८ लिहिलाय, लुबाडणूकच आहे, पण तू एकटा, दिवसभर ऑफिसात, अडीचशे युनिट धर, २,००० झाले. ऑन नुटला तेवढ्याच विजेचे हजार-अकराशे. म्हणजे एक दहा हजार आणि एक साडेतेरा. माझ्या वेळी हिशोब उलटा आला होता, तुझा असा येतोय, म्हणून म्हणते की दरवेळी नव्याने मांडायचा, आई म्हणाली म्हणून ऑन नुट असं नको. हुवाय क्वांगहून एमआरटीने सुखुमवित स्टेशन चौथं, आणि ते असोकला जोडलेलंच आहे. फक्त एमआरटी आणि बीटीएस ह्या दोन लाईनींचं तिकीट वेगवेगळं, एकीतून उतरून दुसरीत बसलास की भाडं पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे एकाच लाईनीवर काम भागतंय ना ते बघ. शिवाय हुवाय क्वांगच्या चौकात गणपतीचं देऊळ आहे, थाई लोक झेंडूच्या माळा घेऊन रांगेत उभे असतात, तुला नाही पण मला बरं वाटेल.

एकच अडचण, अशा जुन्या अपार्टमेंटात बहुतेक वेळा ओटा नसतो, सिंकसुद्धा बाथरूममधलंच. काही ठिकाणी स्वयंपाक करायलाच मनाई असते. विचारून घे. तू म्हणशील मी काय स्वयंपाक करणार, खाली सगळं मिळतं. मिळतं, आणि चांगलं मिळतं, पण तिसऱ्या महिन्यात वरणभात आठवतो, हे मी बघितलंय, बाबांच्या ऑफिसातली चार मोठी माणसं रविवारी आमच्याकडे नुसत्या वरणासाठी यायची.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा स्टेशनवर उतरून चालत जा. एजंट गाडी घेऊन येतो म्हणेल, नको म्हण. आधी सोय बघ, मग खोली. दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा, दोन्ही वेळा. गाड्या बाराच्या सुमारास बंद होतात, उशीर झाला तर त्या गल्लीतून एकट्याने यायला कसं वाटतं ते तुझं तुला कळेल. पाऊस पडला तर उत्तमच, मुद्दाम जा. भिंतींवर खाली मातकट रेघ दिसते का बघ, पाणी कुठपर्यंत येतं ते ती रेघ सांगते, एजंट सांगत नाही. आणि नकाशावर सोयीचे नंबर बघून फसू नकोस, सुखुमवितला विषम नंबर एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला, आणि ते समोरासमोर जुळत नाहीत, ६३ च्या समोर ४२ येते. मी पहिल्या आठवड्यात एका नंबरच्या मागे भर उन्हात तासभर फिरलेय.

खोलीत गेलास की फोनमधलं होकायंत्र लाव. बाल्कनी पश्चिमेला असेल तर संध्याकाळी भिंतीला हात लावून बघ, तव्यासारखी तापलेली असते आणि ती गर्मी तुझ्या विजेच्या बिलात येते. बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट ठेवून कपडे वाळत घालायला किती जागा उरते? आमच्या पहिल्या घरी दोन टॉवेल मावायचे. शेजारी मोकळा प्लॉट असेल तर आनंदाने उड्या मारू नकोस, उद्या तिथे चाळीस मजले उठतील आणि सकाळी आठपासून ठोकाठोक. आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपात तिथल्या उंच बिल्डिंगांना हादरे बसले होते, चातुचाकजवळची बांधकाम चालू असलेली ती सरकारी इमारत पडली तेव्हाची. तेव्हा भेगा गेल्या होत्या का, बुजवल्या का, हे विचारायला लाजू नकोस. मला विचारशील तर चौथा-पाचवा मजला बरा, लिफ्ट बंद पडली तरी चढता येतो.

पैशांचं थोडक्यात. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ, म्हणजे हातात तीन महिन्यांचं भाडं पाहिजे, तेवढे बाबा पाठवतील. एजंटला आपण काही द्यायचं नाही, तिकडे मालक देतो, आपल्यासारखं भाडेकरूकडून महिन्याचं भाडं उकळत नाहीत. कुणी मागितलं तर दुसरा एजंट बघ. करार वर्षाचा असतो, मधेच सोडलंस तर बहुतेक वेळा डिपॉझिट विसरायचं, म्हणून नोकरी पक्की होईपर्यंत सहा महिन्यांचा मिळतो का विचार, थोडं महाग पडेल. खोली न बघता कुणालाही एक बाहत पाठवायचा नाही. "खूप जण विचारतायत, आज टोकन टाका" हे वाक्य डोंबिवलीत, ठाण्यात आणि बँकॉकमध्ये सारखंच आहे.

आणि पहिल्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, गादीचा, नळाचा फोटो काढून मालकाला 'लाईन' ॲपवर, तिकडच्या व्हॉट्सॲपवर, पाठवून ठेव. लाट फ्रावच्या मालकाने आमचं एक महिन्याचं डिपॉझिट कापलं. कशासाठी, तर मी भिंतीवर कॅलेंडरसाठी ठोकलेला एक खिळा, गादीवर आधीपासून असलेला एक डाग, आणि एसीची सफाई. डाग आमचा नाही हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. खिळा माझा होता, ते मी मान्य केलं. बाबांनी तो खिळा उपटून बरोबर आणला, सात हजारांचा खिळा म्हणून, अजून हत्यारांच्या डब्यात आहे.

हो, एक राहिलं. टीएम ३० म्हणून एक असतं, तू तिथे राहतोस हे मालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. व्हिसाच्या कामाला ते लागतं. करार करायच्या आधी विचार, कराल का. "बघू नंतर" म्हणाला तर ते घर कितीही छान असो, पुढे चल. तिथे धक्के तुला खायचेत, त्याला नाही.

बाबांच्या ऑफिसातले एक जण पुढच्या महिन्यात तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर छोटा कुकर पाठवते. कॉन्डोमध्ये गॅस चालत नाही, विजेची शेगडीच असते, म्हणून फ्रिजवरचा चुंबक कुकरच्या बुडाला लावून बघितला, चिकटला, म्हणजे इंडक्शनला चालेल. आत दोन डबे बसतात, एकात वरण, एकात भात. हुवाय क्वांगवाल्याने स्वयंपाकाला नाही म्हटलं तर आधी कळव, मग त्या जागी मेतकूट आणि चटणी जास्त टाकीन.

शनिवारी सोयीतून चालत असशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, बोलू नकोस, नुसता फोन समोर धरून चाल. तिकडच्या साडेतीनला आमचे दोन वाजलेले असतात, बाबा झोपलेले असतात, त्यामुळे माझ्याच नंबरवर कर.

तुझी,
आई