खाणकामगारांचा संप का वगळला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या सुधारणावादी राष्ट्राध्यक्षांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालण्याचं सगळं श्रेय त्यात थिओडोर रूझवेल्ट यांच्या पदरात टाकलं आहे. नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वेच्या मक्तेदारीविरुद्ध त्यांच्या सरकारने १९०२ मध्ये खटला भरला आणि १९०४ मध्ये जिंकला, हे बरोबरच. पण असे खटले त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी चार वर्षांत त्यांच्यापेक्षा जास्त भरले. स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीचे ३४ तुकडे करणारा निकालही टाफ्ट यांच्या कारकिर्दीतला, १९११ चा. लेखात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलं आहे.

रूझवेल्ट यांचं मोठेपण मला दिसतं ते १९०२ च्या कोळसा संपात, आणि नेमका तोच लेखातून सुटला आहे. पेनसिल्व्हेनियातले सुमारे दीड लाख खाणकामगार मे महिन्यापासून संपावर होते. हिवाळा तोंडावर आला, कोळसा मिळेनासा झाला. आठच वर्षांपूर्वी, पुलमनच्या रेल्वे संपात, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लष्कर धाडलं होतं. रूझवेल्ट यांनी ३ ऑक्टोबरला खाणमालक आणि कामगारांचे पुढारी जॉन मिचेल यांना समोरासमोर बोलावलं. महिनाभरापूर्वी बग्गीच्या अपघातात पाय दुखावल्याने ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. मिचेल लवादाला तयार होते, मालक मात्र त्यांच्याशी बोलायलाही राजी नव्हते.

अखेर खाणी लष्कराकरवी चालवायची तयारी रूझवेल्ट यांनी केली आणि बँकर मॉर्गन यांच्यामार्फत मालकांना वादाचा निवाडा करणारा आयोग मान्य करायला लावला. आयोगावर कामगार संघटनेचा माणूस नको, ही मालकांची अट होती. एक जागा समाजशास्त्रज्ञासाठी होती. तिच्यावर रूझवेल्ट यांनी रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचे प्रमुख ई. ई. क्लार्क यांना बसवलं! मार्च १९०३ मध्ये निवाडा आला: मजुरीत १० टक्के वाढ, बहुतेकांना दहाऐवजी नऊ तास काम. संघटनेला मान्यता काही मिळाली नाही. तरीही सरकार मालकांच्या बाजूने बंदूक घेऊन उभं न राहता मध्ये बसलं, ही गोष्ट मला खटल्यांपेक्षा मोठी वाटते.

याच खाणींवर शाळकरी वयाची पोरं धुळीत वाकून, कोळशातून दगड निवडत दिवस काढायची. बालमजुरीला आळा घालणारा केंद्राचा कायदा टाफ्टनंतरचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१६ मध्ये केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं, तोही दुसऱ्या रूझवेल्टच्या, म्हणजे फ्रँकलिन यांच्या काळात. मधल्या वीस वर्षांत किती मुलांचं बालपण करपलं असेल, या विचाराने जीव तुटतो.

विल्सन यांना लेखकाने सरसकट ‘समाजसुधारक’ म्हटलं आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे. फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक आणि मक्तेदारीविरोधी क्लेटन कायदा त्यांच्याच काळातला, हे मान्य. पण वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवण्याची, त्यांची जेवणाची जागा आणि स्वच्छतागृहं वेगळी करण्याची प्रथा त्यांच्याच मंत्र्यांनी फैलावली, आणि विल्सन यांनी तिचं समर्थन केलं. लेखमालेच्या पुढच्या भागात याची नोंद यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा