आज्जीला बकऱ्याचं सांग

मेम्फिस, टेनेसी
रविवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू निम्मंच ऐकतेस आणि बाबा मागून बोलत राहतात, म्हणून लिहायला बसले. मी मजेत आहे. फोटोत हडकलेली दिसते म्हणालीस, तो उजेडाचा दोष. डबा मी रोज नेते, शपथ.

आता त्या फोटोतल्या काळपट तुकड्यांविषयी. बरगड्या होत्या. डुकराच्या. आज्जीला बकऱ्याच्या सांग. हे गाव त्यासाठीच नावाजलंय गं. १९७८ पासून दर मे महिन्यात इथं मांस भाजायची मोठी स्पर्धा भरते. कॅन्सस सिटीकडे वरून गोड, दाट सॉस लावतात. इथल्या जुन्या लोकांना तो नको असतो, त्यांचा सगळा मान कोरड्या मसाल्याचा.

आणि तो मसाला ते भाजत नाहीत! मीही पहिल्यांदा तुझ्यासारखीच तोंडाकडे बघत राहिले. अर्धी वाटी पॅप्रिका, म्हणजे रंगाला ब्याडगी आणि तिखटाला जवळपास शून्य. पाव वाटी ब्राऊन शुगर, म्हणजे काकवीचा अंश राहिलेली ओलसर साखर. मग मीठ, मिरपूड, लसणाची नि कांद्याची कोरडी पूड, मोहरीची पूड, थोडं जिरं आणि चिमूटभर लाल तिखट. साखरेच्या गुठळ्या होतात म्हणून ती आधी ताटात पसरून सुकवायची. बरगडीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा कोरड्या कागदाने धरून ओढून काढायचा, नाहीतर मसाला तिकडून लागत नाही आणि खाताना चामडं चावल्यासारखं होतं. मग चोळायचं नि ठेवून द्यायचं. मिठाने मांसाला पाणी सुटतं, त्यातच मसाला भिजून चिकटतो.

न भाजण्याचं कारण असं, की पुढे पाच-सहा तास तो मंद आचेवर, हिकरी नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाच्या धुरात शिजतच असतो. आच २२५ फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण १०७ अंश. त्याच्या फार वर गेलं की साखर करपून कडू होते. तुझा कांदा-लसूण मसाला मात्र त्यात चालत नाही, तेल-खोबऱ्याने गोळे होतात. रागावू नकोस, तो मी आमटीलाच वापरते.

गावातलं सगळ्यात नावाजलेलं दुकान मात्र उलटंच करतं. चार्ली व्हर्गोस नावाच्या ग्रीक घराण्यातल्या माणसाने १९४८ मध्ये तळघरात सुरू केलेलं. तिथं बरगड्या कोळशावर भाजतात आणि मसाला शेवटी वरून भुरभुरतात.

शेजारचे आजोबा भट्टी लावतात तेव्हा मला बोलावतात. हा इकडे पुरुषांचा कारभार. एरवी चहाचा कप न उचलणारा माणूस सहा तास धुराशेजारी खुर्ची टाकून बसतो. बाबांना एवढं वाचून दाखव. आणि हो, आजोबांची बायको, सून सगळे असतात तिथं, मी एकटी जात नाही. रात्री उशिरा परततही नाही.

ऊसबिल अजून आलं नाही असं धाकटा म्हणाला. सोसायटीचा हप्ता मी पाठवलाय, खात्यावर बघ. बाबांना लगेच सांगू नकोस, मुलीचे पैसे म्हणून पुन्हा दोन दिवस गप्प बसतील. साडीचे वेगळे आहेत. ते तुझेच, मावशीला वाटू नकोस.

धाकट्याच्या साखरपुड्याला मला जमणार नाही. आले तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडेच अडकायची भीती आहे, आणि इथली नोकरी थांबत नाही. व्हिडिओवर असेन, पूर्ण वेळ. नवरीच्या आईला तूच समजावून सांग, मी सांगितलं तर शिष्ट वाटेल.

कऱ्हाडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुलगा चांगलाच असेल. पण त्याला एवढं विचार, की बायको अमेरिकेत आणि तो पुण्यात असं किती दिवस चालेल त्यांच्याकडे. दिवाळीपर्यंत थांबणार असतील तर मी बोलते त्याच्याशी. फोन नंबर मात्र माझा आत्ताच देऊ नकोस.

आज्जीला नमस्कार.

तुझी,
थोरली