गावच्या इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधरांना आवाहन: वर्गणी नंतर, आधी मोजमापाला या

गावातली अनेक मुले-मुली स्थापत्य, यांत्रिकी, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र शिकून पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. यात्रेला आली की आपुलकीने विचारतात, "पाण्यासाठी किती वर्गणी देऊ?" पण आमच्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची खरी अडचण पैशाची नाही. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. कमी पडतात ती मोजणारी आणि अंदाजपत्रक वाचणारी माणसे.

पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढला की कितीही चांगली सूचना पुढच्या वर्षावर जाते. तेव्हा 26 जानेवारीला लॅपटॉप घेऊन येण्यापेक्षा सप्टेंबरात टेप घेऊन या.

पहिले काम विहिरींचे. सप्टेंबरअखेर आणि मेअखेर, त्याच विहिरी, काठावरच्या त्याच खुणेपासून, सकाळी मोटारी सुरू होण्याआधी पातळी मोजायची. मोटार चालू असताना घेतलेला आकडा निरुपयोगी. तो उपसलेल्या विहिरीचा असतो, भूजलाचा नव्हे. 100 हेक्टरात पातळी 5 मीटर उतरली आणि खडकातून सुटणाऱ्या पाण्याचे प्रमाण 2 टक्के धरले, तर 10 कोटी लिटर पाणी गेले असा हिशेब निघतो. 3000 लोकांना माणशी रोज 55 लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे 6 कोटी लिटर लागतात. म्हणजे पिण्यापुरते पाणी होते, मग मेमध्ये टँकर का, हा प्रश्न ग्रामसभेत आकड्यानिशी विचारता येतो. मात्र आपल्या काळ्या खडकात ते प्रमाण 1 ते 3 टक्के असू शकते, आणि तेवढ्याने उत्तर तिप्पट बदलते. म्हणून इथे भूगर्भशास्त्र शिकलेला माणूसच हवा.

रसायनशास्त्रवाल्यांसाठी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर. 1000 लिटरला 5 ग्रॅम हा हिशेब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. पोते दमट खोलीत उघडे राहिले की क्लोरीन उडतो. जलसुरक्षक 50 हजार लिटरच्या टाकीत नेमाने 250 ग्रॅम टाकतो, तरी शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळी होत नाही. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवा. पावडर चांगली असूनही उरत नसेल, तर पाइपात कुठेतरी गटाराचे पाणी शिरते आहे का ते शोधावे लागेल. प्रत्येक नव्या पोत्याची ताकद तपासून द्या आणि नमुना टाकीखालच्या नळाचा नको, वाडीच्या टोकाचा घ्या.

परगावी असणाऱ्यांनी अंदाजपत्रके वाचावीत. त्याला गावात यावे लागत नाही. पण तांत्रिक मान्यतेच्या आधी. पंप अजूनही "किती एचपी" यावर ठरतो, हेड (पाणी किती उंच चढवायचे) आणि डिस्चार्ज (किती वेळात किती पाणी द्यायचे) कुणी विचारत नाही. गावात असाल तर पाइपलाइनचा चर बुजण्यापूर्वी खोली मोजून तारखेसह फोटो काढा. कागदावर 1 मीटर आणि जमिनीत दीड फूट असा फरक माती पडल्यावर सापडत नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत एकदा नोंद झाली की बिल निघते.

दोन अटी. निरीक्षण लेखी, आकड्यांसह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यायचे आणि पोच घ्यायची. व्हॉट्सॲपवर ठेकेदाराची बदनामी नको. ज्यांचे नातेवाईक ठेक्यात आहेत त्यांनी त्या कामाला हात लावू नये. ग्रामसभेत मत गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनाच देता येते, पण तांत्रिक टिपण कुणीही देऊ शकतो.

तरीही काही द्यायचेच असेल तर 50 मीटरचा टेप, 0 ते 7 किलोचा प्रेशर गेज, पर्जन्यमापक आणि क्लोरीनसाठी डीपीडी किट द्या. रोख रक्कम कुणाच्या हाती देऊ नका. ग्रामनिधीच्या नावे चेक द्या आणि नमुना 7 ची पावती घ्या.

आपले नाव, शिक्षण आणि सप्टेंबरात कोणते दोन दिवस देऊ शकाल ते 31 ऑगस्टपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात कळवा.