कॉडचं झालं ते पापलेटचं होऊ नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळी मासेमारी बंदी उठायला थोडेच दिवस राहिलेत. १ ऑगस्टला बोटी समुद्रात जातील. त्याआधी हे पत्र छापावं, ही विनंती.

मी सातपाटीची, मच्छीमार घरातली, निवृत्त शिक्षिका. माझा मुलगा कॅनडात असतो. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशी गाडी, भाड्याने घेतली आणि आम्हाला न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकापर्यंत नेलं. डियर लेकपासून सेंट अँथनीपर्यंतचा ४३० क्रमांकाचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला खुरटी झाडं, रस्त्यालगत बटाट्याचे वाफे आणि हिवाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं. मध्येच दहा-वीस घरांचं गाव लागतं. पर्यटक तिथे वायकिंग दर्यावर्द्यांची जुनी वस्ती पाहायला जातात. ती आम्हीही पाहिली, पण माझा जीव धक्क्यांवरच अडकला होता.

एका गावात संध्याकाळी गाडी लावली. शेजारच्या लाकडी धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ कॉड नावाचे मासे साफ करत होते. आधी गळा चिरला, मग मुंडकं टेबलाच्या कडेवर दाबून मोडलं, आणि सुरी फिरवून मधला काटा अख्खा बाहेर काढला. त्यांचा हात पाहून मला माझ्या सासूबाई आठवल्या. आपण वलांडीवर बोंबील सुकवतो, तसे तिथे लाकडी माचांवर मीठ लावलेले कॉड सुकवायचे. आता घरी खाण्यापुरते मासे धरायला परवानगी असते, तीही माणशी दिवसाला ५ आणि बोटीला जास्तीत जास्त १५. आयुष्यभर बोटीवर काढलेल्या माणसाला मासे मोजून धरावे लागतात, हे ऐकून पोटात कालवलं.

हे कसं झालं, ते आपल्या किनाऱ्यावर प्रत्येकाला माहीत असायला हवं. परदेशी ट्रॉलरांनी, म्हणजे मोठी जाळी ओढत नेणाऱ्या बोटींनी, तिथला समुद्र उपसला. एकट्या १९६८ साली ८ लाख टनांहून जास्त कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखून त्यांना बाहेर काढलं, पण मग त्यांचे स्वतःचेच ट्रॉलर वाढले. सरकारी अंदाजात मासा भरपूर दिसत होता. लहान बोटीवाले मात्र ओरडून सांगत होते की मासा कमी होतोय, लहान होतोय. त्यांचं वेळेवर कुणी ऐकलं नाही. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली आणि सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणाले होते. ती उठायला २०२४ साल उजाडलं. तोवर तरुण पोरं गाव सोडून गेली होती.

आमच्याकडचे जुने तांडेलही (बोटीचे प्रमुख) आज तेच सांगतात: मासा कमी, मासा लहान. २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. तरीही तळहाताएवढी पिल्लं बाजारात पाट्यांनी येतात आणि हातोहात खपतात. ती पकडणारा आमचाच माणूस असतो, हे मला कळतं. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार एवढं अंगावर घेऊन गेलेला माणूस जाळ्यात आलेलं परत टाकत नाही. म्हणून नुसता बोटवाल्याला दंड करून भागणार नाही. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, बंदी उठण्याआधीच तपासा. बंदरावर लिलाव सुरू होण्याआधी मासा मोजा. पिल्लं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही जाब विचारा. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून करायची मासेमारी कागदावर बंद आहे, ती समुद्रातही बंद करा. आणि हे नियम ठरवताना लहान बोटीवाल्यांना बैठकीला बोलवा.

मुंबई-ठाण्याच्या माझ्या भगिनींनाही सांगणं आहे, स्वस्त मिळतात म्हणून बोटभर पापलेटांचा वाटा घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सातपाटी, जि. पालघर