आपल्याच माणसांना नाही म्हणताना

वाई

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

संघटनेच्या ठरावाविरुद्ध तू एकट्याने हात वर केलास आणि तेव्हापासून सोबतची मुलं तुझ्याशी धड बोलत नाहीत, हे कळलं. राजीनामा देऊन टाकतो म्हणालास. दे किंवा देऊ नकोस, पण त्याआधी राजाजींबद्दल मी लिहिते आहे ते वाच. चक्रवर्ती राजगोपालाचारी. शेवटचे गव्हर्नर जनरल, एवढीच त्यांची ओळख तुमच्या पिढीपर्यंत पोचली याचं मला फार वाईट वाटतं.

१९४२ चा एप्रिल. जपानने विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते, ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या क्रिप्सची बोलणी फिसकटली होती. राजाजींचं म्हणणं असं, की देश वाचवायचा तर मुस्लिम लीगबरोबर सरकार बनवलं पाहिजे, आणि त्यासाठी पाकिस्तानची मागणी तत्त्वतः मान्य करायची तयारी ठेवली पाहिजे. मद्रासच्या काँग्रेस आमदारांकडून त्यांनी तसा ठराव करून घेतला. काँग्रेसच्या अलाहाबादच्या बैठकीत तो १२० विरुद्ध १५ मतांनी पडला. पंधरा मतं! मग त्यांनी काँग्रेस सोडली, आमदारकीही सोडली. पक्षाच्या तिकिटावर मिळालेली जागा धरून ठेवायची आणि पक्षाविरुद्ध बोलत राहायचं, असं केलं नाही. ‘चले जाव’लाही त्यांचा विरोध होता. सगळे सहकारी तुरुंगात गेले आणि हे बाहेर राहिले. १९३० साली तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला चालत जाऊन मीठ उचलणारा, तुरुंग भोगलेला माणूस हा! त्याला लोक काय काय म्हणाले असतील, त्याचा तूच विचार कर.

पण गांधीजींशी नातं तुटलं नाही. १९४४ च्या सप्टेंबरात मुंबईत गांधी-जिना बोलणी झाली ती राजाजींनीच सुचवलेल्या तडजोडीच्या सूत्रावर. बोलणी फसली, तो भाग वेगळा. नात्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास आणि राजाजींची लक्ष्मी यांना लग्न करायचं होतं. जातीबाहेरचं लग्न, मुलगी ब्राह्मणाची. दोन्ही वडिलांनी पाच वर्षं थांबायला लावलं आणि मग, १९३३ च्या जूनमध्ये, पुण्याच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात लग्न झालं. ते लावलं आपल्या वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. तू लहानपणापासून ज्या गल्ल्यांतून हिंडलास तिथल्या माणसाचा हात या लग्नाला लागलेला आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं बहुतेक.

राजाजी परंपरा मानणारे होते, पुढे तर उघडच उजव्या विचारांचे झाले. तरी १९३९ साली मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात दलित बांधवांनी प्रवेश केला, तेव्हा त्याला कायद्याचं संरक्षण देणारं मद्रासचं सरकार त्यांचंच होतं. ‘जुनं ते राखायचं’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता त्यांचं न पटणारंही लिहिते, कारण मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. १९५२ साली ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले, तेही निवडणूक न लढवता, विधान परिषदेवर नेमणूक होऊन. आल्या आल्या धान्यावरचं रेशनिंग उठवलं, ते लोकांना आवडलं. पण पुढच्या वर्षी प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी निम्मा वेळ शाळेत बसायचं, उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकायचा. शाळा कमी, शिक्षक कमी. दोन पाळ्या केल्या तर दुप्पट मुलं शिकतील, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. पण कुंभाराचं पोर शाळेतून घरी येऊन पुन्हा चाकावरच बसणार असेल, तर शाळेने त्याला काय दिलं? जातिव्यवस्थेविरुद्ध लढणारे पेरियार आणि द्रमुक पक्ष तुटून पडले, स्वतःच्या पक्षातही विरोध झाला, आणि १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी योजना रद्द केली. माझ्या मते योग्यच केलं. एवढा बुद्धिमान माणूस, पण जातीचा धंदा हा शिकणाऱ्या पोराच्या पायातला दोर असतो हे त्यांना दिसलं नाही.

इथे कुणीही थांबलं असतं. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन त्याच्या हातातून जाईल, असं राजाजींना वाटलं, आणि ऐंशीव्या वर्षी त्यांनी एन. जी. रंगा आणि मिनू मसानी या नेत्यांना बरोबर घेऊन ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला. नेहरूंविरुद्ध, त्या काळात! धंद्यासाठी पावलोपावली सरकारी परवाना लागायचा, त्या कारभाराला ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. १९६२ साली लोकसभेत १८ जागा आल्या, १९६७ साली ४४, म्हणजे विरोधकांत सर्वांत जास्त. १९७१ च्या निवडणुकीत पक्षाची धूळधाण झाली आणि पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबरला, ते गेले. त्यांचं अर्थकारण मला सगळंच मान्य नाही. तुझे बाबा मात्र अजून त्यांच्या बाजूने तासभर बोलू शकतात.

अंत्यसंस्काराला पेरियार आले होते, चाकाच्या खुर्चीतून. हिंदीच्या सक्तीवरून ज्यांना राजाजींच्या पहिल्या सरकारने तुरुंगात टाकलं, शाळांच्या योजनेवर ज्यांनी रान उठवलं, ते पेरियार तिथे रडले. दोघांची मैत्री तरुणपणापासूनची. पुढे दोघं एकमेकांची मतं खोडत राहिले, आणि भेटीगाठी तरीही सुरू राहिल्या.

तेव्हा अनिकेत, तुझा विरोध का आहे ते आधी दोन पानांत लिहून काढ आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाच. मतदान पुन्हा विरुद्ध गेलं आणि त्या ठरावाचं काम तुझ्याच्याने होणार नसेल, तर पद सोड. पद ठेवून आतून पाय ओढू नकोस. आणि ज्या मित्राशी सर्वांत जास्त वाजलं, त्याच्या खोलीवर उद्याच जा. त्याला सुट्टीत इकडे घेऊन आलास तर मला फार आवडेल, त्याचं म्हणणं मलाही ऐकायचं आहे.

तुझी,
आई