बाकड्यावर सरकून जागा देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोर आलात की माझ्या तोंडातून नुसतं "थँक्यू काका" एवढंच निघतं आणि तुम्ही "हां हां, चल" म्हणून स्कूटरला किक मारून मोकळे होता, म्हणून लिहितोय. चार दिवस लिहू लिहू म्हणतोय. आत्ता नाइट करून आलोय, अजून आंघोळ पण नाही केली, पण आज लिहूनच झोपणार.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो. जानेवारीतली ती फुटबॉलची मॅच, आपण एक शून्यने पुढे, आपला मेन स्टॉपर, म्हणजे आपल्या गोलसमोर मधे उभा राहणारा डिफेंडर, पाय धरून बाहेर आला आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठी मला आत पाठवलं. सकाळी सातला अंबडच्या कंपनीतून नाइट शिफ्ट सुटली होती, घरी येऊन जेमतेम तीन तास झोप. लांबून उंच बॉल आला आणि मी टप्पा पडू दिला. स्टॉपरने टप्पा पडू द्यायचा नसतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. थंडीत आपलं ग्राउंड रस्त्यासारखं कडक होतं, बॉल उसळून माझ्या डोक्यावरून गेला, त्यांचा फॉरवर्ड पाठीमागून घुसला आणि गोल. त्यानंतर सगळी टीमच हलली, अजून एक खाल्ला, हरलो, टुर्नामेंटमधून बाहेर.

पुढचे तीन दिवस मी ग्रुपवरचे मेसेज वाचत होतो पण उत्तर एकालाही दिलं नाही. चौथ्या दिवशी जेल रोडच्या टपरीवर आलो तर पुढच्या सीझनला कोणाला ठेवायचं याचीच चर्चा चालू होती, म्हणजे माझीच. खेळणारी पोरं होती, आणि दर रविवारी लाइनवर उभं राहून ओरडणारे आपले आठ-दहा जण. "प्रॅक्टिसला चार दिवसांतून एकदा येतो." "देवळालीचा तो पोरगा घेऊ, हा भरवशाचा नाही." कोणीतरी "भरवशाच्या म्हशीला टोणगा" म्हणालं आणि सगळे हसले. मी दोन पावलांवर उभा होतो. त्यांना दिसत होतो, काका. माझ्यासमोर माझ्याबद्दल असं बोलत होते जसं काही मी गावातच नाही. निघून जायला गाडी वळवलीच होती.

तेव्हा तुम्ही सरकलात.

तुम्हाला हे आठवत पण नसेल. बाकड्याच्या कडेला जो खिळा वर आलाय ना, तिथे तुम्ही बसला होतात. तुम्ही आत सरकलात, डोक्यावरची माकडटोपी काढली, तिची घडी घालून त्या खिळ्यावर ठेवली, वरून हात दाबून पाहिलं टोचतंय का, आणि म्हणालात, "विषय तुझा चाललाय आणि तू उभा? ये, बस इथे." थंडी कसली होती त्या दिवशी, तुमचे कान लाल झालेले मला दिसत होते. तुमच्यातला अर्धा चहा तुम्ही दुसऱ्या ग्लासात ओतून माझ्या हातात दिलात. मी बसलो आणि सगळे एकदम गप्प झाले, कारण आता मला टोणगा म्हणायचं तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणावं लागणार होतं.

मग तुम्ही विचारलंत, "टप्पा का पडू दिलास?" मॅच संपल्यापासून हे मला विचारणारे तुम्ही पहिले. शिव्या सगळ्यांनी दिल्या, कारण एकानेही विचारलं नव्हतं. मी सांगितलं की ऊन डोळ्यावर होतं आणि मला वाटलं कीपर बाहेर येतोय, आवाज काही आला नाही. तुम्ही म्हणालात, "चूक तुझीच. पण दोन महिने ज्याला पंधरा मिनिटं पण खेळवलं नाही त्याला कीपरचा आवाज ओळखता येत नसतो. आणि कीपर ओरडला का नाही, ते पण विचारा." चूक तुम्ही माझ्या पदरातून काढून घेतली नाहीत, हे मला जास्त आवडलं. खोटं समाधान दिलं असतंत तर मी घरी जाऊन बूट माळ्यावर टाकले असते.

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी नंतर मोबाईलवर टाइप करून ठेवलंय. की फॉरवर्डने पाच चान्स घालवले आणि सहावा मारला तर तो हिरो, स्टॉपरने एकोणीस बॉल काढले आणि विसावा चुकला तर सगळ्यांना विसावाच आठवतो. बदली विंगरला आत आल्यावर चुकायला जागा असते, बदली स्टॉपरला नसते, त्याच्या मागे फक्त कीपर. आणि चार जणांची लाइन एकत्र पुढे-मागे व्हायची तर त्या चौघांना एकमेकांची सवय लागते, बेंचवर बसून ती लागत नाही. २०२० पासून पाच बदल करता येतात मोठ्या मॅचमध्ये, पण कोच त्यातले बरेचसे पुढेच वापरतात, मागच्या लाइनला हात लावायला घाबरतात. मग ज्या दिवशी लावावाच लागतो त्या दिवशी तो पोरगा थंडच असणार ना.

आपल्यातला जो मँचेस्टर युनायटेडचा फॅन आहे तो तरी म्हणालाच, "काका, हा आपला मॅग्वायर आहे." तुम्ही विचारलंत, "कुठला मॅग्वायर? २०२३ चा का २०२५ चा?" आणि मग त्याला बसवून सगळं सांगितलंत. युनायटेडने हा स्टॉपर २०१९ ला ८ कोटी पाउंडला घेतला, तोवर जगात कुठल्या डिफेंडरला एवढे पडले नव्हते. २०२३ च्या जुलैमध्ये कॅप्टनशिप काढून घेतली, वेस्ट हॅम क्लबला जवळजवळ विकलाच होता, तो गेला नाही, बेंचवर बसला. घानाच्या संसदेत एका खासदाराने उपराष्ट्रपतींना नावं ठेवायला मॅग्वायरचं उदाहरण दिलं होतं, वर्षभराने त्याच खासदाराने तिथेच उभं राहून मॅग्वायरची माफी मागितली. आणि मग १७ एप्रिल २०२५, फ्रान्सच्या लियों क्लबविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये २-४ ने मागे, स्टॉपरलाच स्ट्रायकर म्हणून वर पाठवलेला, आणि १२१ व्या मिनिटाला त्याच्याच डोक्याने ५-४. आपल्याकडे रात्रीचे तीन वाजून गेले होते, तुम्ही जागे होतात आणि काकू ओरडल्या होत्या, हे पण सांगितलंत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलच्या ग्राउंडवर, ॲनफिल्डवर, ८४ व्या मिनिटाला परत हेडर, २-१, जानेवारी २०१६ नंतर युनायटेड तिथे पहिल्यांदा लीगची मॅच जिंकली.

पण हा पण तसाच निघेल असं तुम्ही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात की ठेवायचा का नाही ते खुशाल ठरवा, पण त्याला किती मॅच दिल्या ते आधी मोजा. मोजल्या. सीझनभरात तीन, मिळून पन्नास मिनिटं पण नाहीत. पुढे काय झालं, कोणी कोणाशी बोललं, माझी शिफ्ट कशी बदलून मिळाली, ते सगळं लिहीत बसत नाही. मी टीममध्ये आहे, देवळालीचा पोरगा पण आलाय, चांगला खेळतो, त्याच्याशी माझं छान जमतं.

काका, मला हे एवढं का लागलं ते तुम्हाला माहीत नाही. याआधी मी दुसऱ्या एका टीमकडून खेळायचो, नाव घेत नाही. तिथे माझ्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, त्यांच्याच मॅचमध्ये. दीड महिना घरी पडून होतो, एक जण बघायला आला नाही. एके दिवशी ग्रुपमधून काढून टाकलं आणि त्यांच्या मॅनेजरचा एकच मेसेज आला, "जर्सी धुऊन पाठवून दे." आईने ती धुतली, इस्त्री केली, पिशवीत घालून दिली, आणि मी लंगडत रिक्षाने जाऊन देऊन आलो. गुडघा कसा आहे हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. त्यानंतर माणसं "बघू, सांगू" म्हणाली की मी आतूनच बाहेर पडायची तयारी करतो. त्या दिवशी गाडी वळवली ती त्याच सवयीने.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला हजारो माणसं येतात, तिथे पोराला पाठीवर घेणारी अख्खी पेठ असते. आपल्या नाशकात फुटबॉलवाल्याला कोण विचारतं, गोल्फ क्लब मैदानावर गर्दी होते ती क्रिकेटला. मग आपल्या आठ-दहा जणांनी तरी एकमेकांना धरून राहायला नको का? चांगली माणसं आहेत हो, नाहीत असं नाही. माझ्याऐवजी शनिवारची नाइट करणारा आमच्या कंपनीतला व्हीएमसी मशीनवरचा पार्टनर आहे, त्याला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही तरी सोमवारी पहिला प्रश्न "जिंकलात का?" टपरीवाल्या मावशी आहेत, हरलो त्या दिवशी त्यांनी पैसेच घेतले नाहीत. टोणगा म्हणणाऱ्याने पण नंतर येऊन खांद्यावर हात टाकला, त्याचा राग नाही मला. पण सगळे हसत असताना आपली जागा सोडून सरकणारा माणूस वेगळा, काका. प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, गुडघे दुखतात, आमच्या टीमकडून तुम्हाला एक चहा पण मिळत नाही, आणि तरी तुम्ही गेले सहा रविवार सकाळी साडेसहाला ग्राउंडवर येऊन मला हाताने उंच बॉल टाकताय. "टप्पा नको, टप्पा नको" हे तुमचं ओरडणं मला आता मशीनवर पण ऐकू येतं.

मागच्या रविवारी शेवटची बारा मिनिटं खेळलो. तीन उंच बॉल आले, तिन्ही हवेतच काढले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, स्टॉपरला वाजवत पण नाहीत, पण मी लाइनकडे पाहिलं तर तुम्ही बोटं वर करून मोजत होतात, एक, दोन, तीन.

आणि हो, त्या माकडटोपीला खिळ्याने भोक पडलंय, तुम्ही ते वळवून मागे घेता तरी मला दिसतं. आईला सगळं सांगितलं, तिने निळ्या लोकरीची नवीन विणायला घेतलीय, कान पूर्ण झाकतील अशी. या रविवारी आणतो. नाही म्हणू नका.

तुमचा,
चौदा नंबर