दहा खासदारांसाठी पैसा आहे, नर्सेससाठी नाही

लंडन, जुलै २०१७

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या निवडणुकीबद्दल गेला महिनाभर आपल्या अंकात जे येतंय ते मी इथे बसून इंटरनेटवर वाचते आहे. पौंड किती घसरला, ब्रेक्झिटच्या वाटाघाटींचं काय होणार, पंतप्रधान थेरेसा मे किती दिवस टिकणार, बहुतेक लेखन याच तीन प्रश्नांभोवती आहे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण इथल्या साध्या नोकरदार माणसाच्या मनात सध्या जो संताप आहे, तो त्यात कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. नर्सिंग मिरजेला शिकले आणि आता पूर्व लंडनमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात काम करते. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. तरीही ८ जूनला मी मतदान केलं, कारण इथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं. आमचं केंद्र एका प्राथमिक शाळेत होतं. ओळखपत्र मागितलं नाही, बोटाला शाई लावली नाही. यादीत नाव पाहून मतपत्रिका हातात दिली आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते पाहुणी म्हणून नाही, मतदार म्हणून लिहिते आहे.

ही निवडणूक कुणी मागितली नव्हती. मे बाईंकडे साधं बहुमत होतं आणि संसदेची मुदत २०२० पर्यंत होती. विरोधकांपेक्षा आपण वीसेक टक्क्यांनी पुढे आहोत असं चाचण्यांत दिसलं, आणि १८ एप्रिलला त्यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. खंबीर आणि स्थिर सरकार हवं असेल तर मला मत द्या, हा सगळ्या प्रचाराचा गाभा होता. लोकांनी दिलं काय, तर त्रिशंकू संसद. मे बाईंचा हुजूर पक्ष ३३० वरून ३१७ वर आला, विरोधी मजूर पक्ष २६२ पर्यंत चढला. लंडनमधला केन्सिंग्टन हा श्रीमंतांचा मतदारसंघसुद्धा फेरमोजणीवर फेरमोजणी होऊन अवघ्या २० मतांनी मजूर पक्षाकडे गेला.

आता मुद्द्याचं सांगते. मतदानाच्या आधी, २ जूनला, बीबीसीच्या कार्यक्रमात एका नर्सने पंतप्रधानांना समोरासमोर विचारलं की माझ्या २००९ च्या पगारपत्रकावरचा आकडा आणि आजचा आकडा सारखाच आहे, हे कसं? तिला उत्तर मिळालं की हलवलं की सगळ्यांना हवं ते देईल असं पैशाचं जादूचं झाड आमच्याकडे नाही. त्या रात्री आमच्या वॉर्डातल्या निम्म्या जणींनी हे फोनवर पाहिलं. आमचे पगार आधी दोन वर्षं गोठवले होते आणि २०१३ पासून वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त वाढ द्यायची नाही असं सरकारचं धोरण आहे. मे महिन्यात महागाई २.९ टक्के होती. म्हणजे दर वर्षी पगार कागदावर वाढतो आणि घरात कमी पडतो. नवी नर्स वर्षाला २२,१२८ पौंडांवर सुरुवात करते. वर लंडनचा भत्ता मिळतो, पण इथली घरभाडी ज्याला माहीत आहेत तो त्या भत्त्याबद्दल काही बोलणार नाही. आमच्याकडे बारा तासांची पाळी संपवून आठवड्यातून एकदोनदा जादा पाळी करणाऱ्या मुली आहेत. त्यातली एक लहान मुलाची आई आहे. पहाटे औषधांची ट्रॉली ढकलताना ती भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटते, मग पुन्हा डोस तपासते. दुसऱ्या कुणाची सही घेतल्याशिवाय आता ती इंजेक्शन भरत नाही, इतकी तिला स्वतःच्या थकव्याची भीती वाटते.

निकाल लागला आणि बहुमताला आठ-नऊ जागा कमी पडल्या. उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे खासदार बरोबर दहा. आपल्याकडे आपण बाहेरून पाठिंबा म्हणतो, तसा करार २६ जूनला पंतप्रधानांच्या निवासस्थानी झाला, आणि त्या प्रांतासाठी शंभर कोटी पौंड नव्याने मंजूर झाले. रुपयांत सांगायचं तर आठ हजार कोटींच्या वर. रस्ते आणि पायाभूत कामांना ४० कोटी, ब्रॉडबँडला १५ कोटी, आरोग्यसेवेच्या फेररचनेला २० कोटी, असा त्याचा तपशीलही जाहीर झाला. ज्या पैशाचं झाडच नव्हतं, ते तीन आठवड्यांत सापडलं.

माझ्याबरोबर काम करणारी एक सिस्टर उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची आहे. तिकडच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी किती थांबावं लागतं हे ती नेहमी सांगते. तिच्या गावाला पैसा मिळाला याचं मला वाईट वाटत नाही, मिळायलाच हवा होता. पण तीच म्हणाली, "गरज होती म्हणून नाही दिला गं, मतं हवी होती म्हणून दिला." शिवाय तिला आणखी एक काळजी आहे. १९९८ च्या शांतता करारानुसार लंडनच्या सरकारने उत्तर आयर्लंडच्या दोन्ही समाजांशी निःपक्षपातीपणे वागायचं आहे. तिथलं संयुक्त सरकार जानेवारीपासून कोसळलेलं आहे. ते उभं करायला मध्यस्थ कोण, तर त्यातल्याच एका पक्षाच्या दहा मतांवर जगणारं सरकार. आपले वाचक आघाड्यांच्या राजकारणाला सरावलेले आहेत, त्यांना यातला धोका वेगळा समजावून सांगायला नको.

करारानंतर दोनच दिवसांनी, २८ जूनला, मजूर पक्षाने संसदेत दुरुस्ती मांडली. पोलिस आणि अग्निशमन दलातली कपात थांबवा आणि सरकारी नोकरांच्या पगारावरची एक टक्क्याची मर्यादा उठवा, इतकीच मागणी. त्या दिवशी दुपारी सरकारच्या गोटातून बातमी आली की मर्यादेचा फेरविचार होतो आहे. संध्याकाळपर्यंत ती फिरवली, धोरणात बदल नाही. रात्री मतदान झालं, ३०९ विरुद्ध ३२३. दुरुस्ती पडली. त्या दहा जणांनी करारानुसार सरकारला साथ दिली. आणि निकाल वाचला जाताच सत्ताधारी बाकांवरून जल्लोष झाला.

संपादक महोदय, हा जल्लोष लोक विसरायला तयार नाहीत. दुरुस्ती नामंजूर करण्याचा अधिकार सरकारला आहे. तूट कमी करायची आहे, कर्ज वाढवायचं नाही, हा त्यांचा युक्तिवाद मी ऐकून घेते, त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण आनंद कशाचा झाला? त्याच महिन्याच्या ३ तारखेला लंडन ब्रिजवर हल्ला झाला, आठ माणसं गेली. जखमींच्या मदतीला धावत गेलेली एक नर्स त्यात मारली गेली. १४ जूनच्या पहाटे ग्रेनफेल टॉवर पेटला. चोवीस मजली इमारत, आणि अग्निशमन दलाचे जवान श्वासाची नळी लावून पुन्हा पुन्हा त्या जिन्याने वर चढले. दोन्ही वेळी याच सभागृहातल्या पुढाऱ्यांनी आपत्कालीन सेवांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्या कौतुकाची शाई वाळायच्या आत हे घडलं. जनाची नाही तर मनाची तरी असावी.

खासदारांचा स्वतःचा पगार २०१५ साली ६७ हजारांवरून ७४ हजार झाला आणि या एप्रिलपासून ७६,०११ पौंड आहे. तो एक स्वतंत्र संस्था ठरवते, खासदार स्वतः ठरवत नाहीत, हे मान्य. मग आमच्या पगारासाठीही स्वतंत्र मंडळ आहेच की. त्या मंडळाच्या हातात सरकारने आधीच एक टक्क्याची दोरी दिलेली असते, एवढाच फरक.

ग्रेनफेलबद्दल आणखी लिहायला हवं. टॉवर त्याच केन्सिंग्टनमध्ये आहे, श्रीमंत वस्तीपासून पायी अंतरावर. २००९ साली दक्षिण लंडनमध्ये कॅम्बरवेलच्या लाकानल हाऊस या निवासी इमारतीत अशाच आगीत सहा जण दगावले. आगीसंबंधीच्या बांधकाम नियमांचा आढावा घ्या, असं तिथल्या चौकशीनंतर २०१३ मध्ये सरकारला लेखी कळवलं होतं. तो आढावा रेंगाळत राहिला. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी पंतप्रधान तिथे गेल्या, जवानांना भेटल्या आणि घरंदारं गमावलेल्या माणसांना न भेटताच परतल्या. एक्याण्णव वर्षांची राणी त्यानंतरच्या दिवशी जाऊन त्यांना भेटली. रहिवासी नगरपालिकेत घुसले ते उगाच नाही. पंतप्रधानांनी पुढे संसदेत माफी मागितली, ती प्रामाणिक असेलही. पण आपली खुर्ची वाचवण्यात गुंतलेल्या सरकारचं लक्ष लोकांकडे नसतं, हे त्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिलं.

सरकार कमजोर झालं तर निदान ते ऐकेल, असं निकालाच्या रात्री आम्हाला वाटलं होतं. काही बाबतीत ऐकलंही. परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या नव्या ग्रामर शाळा, वृद्धांच्या हिवाळी भत्त्याची कपात, कोल्ह्यांच्या शिकारीवर पुन्हा मतदान, जाहीरनाम्यातलं हे सगळं राणीच्या अभिभाषणातून गायब झालं. पण ज्यांच्या हाती संसदेतली मतं, त्यांचंच ऐकलं. आता मंत्र्यांमध्येही एकवाक्यता नाही. गोव्ह म्हणतात पगार मंडळाचा सल्ला मानावा, अर्थमंत्री हॅमंड म्हणतात डगमगायचं नाही. पंतप्रधान नेमक्या कोणत्या बाजूला, ते कळत नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. नर्सिंगच्या नोंदवहीतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या नव्याने येणाऱ्यांपेक्षा जास्त झाली आहे. युरोपातून गेल्या वर्षी जुलैत १,३०४ नर्सेसनी नोंदणी केली होती, यंदा एप्रिलमध्ये फक्त ४६. ही पोकळी भरायला भारत आणि फिलिपिन्सकडे बघितलं जातं, आणि त्याच वेळी बाहेरून माणूस आणणाऱ्या रुग्णालयाकडून एप्रिलपासून माणशी वर्षाला हजार पौंडांचं शुल्क घेतलं जातं. ते दुप्पट करू, असं हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं. इंग्रजीच्या परीक्षेसाठी मिरज, पुणे, नागपूरला क्लास लावून बसलेल्या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी इथलं हे चित्र ओळखून मगच निर्णय घ्यावा. काम शिकायला मिळतं, माणसं चांगली आहेत, हेही मी तितक्याच खात्रीने सांगेन.

आमच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने हा उन्हाळा निषेधाचा म्हणून जाहीर केला आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संघटनेने ब्रिटनमध्ये आजवर एकदाही संप केलेला नाही. शरद ऋतूतल्या अर्थसंकल्पात मर्यादा उठली नाही तर तसा कौल मागितला जाईल अशी चर्चा वॉर्डावॉर्डांत आहे. रुग्णांना वाऱ्यावर सोडणं माझ्याच्याने होणार नाही. अतिदक्षता आणि तातडीचे विभाग चालू ठेवूनच काय ते करावं लागेल. पण कौल मागितला तर मी संपाच्या बाजूने मत देणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक परिचारिका, लंडन